लाखभर बोटुकल्यांचे आईबाप किती?

पावसाळा सुरू झाला की धरणांच्या काठावर आणि नदीच्या घाटांवर मासे सोडण्याचे कार्यक्रम होतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे उघडली जातात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आकडा येतो: इतके हजार किंवा इतके लाख मत्स्यबीज सोडले. रोहू-कटल्याचे बीज असेल तर त्या आकड्यावर माझा फारसा आक्षेप नाही. ते मासे पुढे जाळ्यात यावेत म्हणूनच सोडलेले असतात आणि तिथे संख्येला अर्थ असतो. पण नदीतून नाहीशी झालेली किंवा नाहीशी होत चाललेली एखादी जात परत वसवण्यासाठी बीज सोडले जाते, तेव्हा आकडा पुरत नाही. ही पोरे किती माद्यांची आणि किती नरांची आहेत, आणि ते आईबाप कोणत्या नदीतले होते, हे दोन प्रश्न त्या वेळी विचारायला हवेत. प्राणिशास्त्र शिकवताना मी हा विषय दरवर्षी काढतो आणि उदाहरण दरवर्षी एकच घेतो, ते महाशीर या नदीतल्या माशाचे. या उदाहरणात यश आणि नुकसान दोन्ही आहे, आणि दोन्हींचा धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येतो.

दख्खनच्या महाशीरची, म्हणजे निळसर परांच्या महाशीरची, शास्त्रीय ओळख पुण्याजवळच झाली. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. त्यांनी दिलेले ‘खुद्री’ हे नाव आजही त्याच्या शास्त्रीय नावात आहे. पुढे धरणे झाली, वाळू उपसली गेली, सांडपाणी आले, सुरुंगाच्या दारूने मासे मारण्याची चाल पडली आणि हा मासा आक्रसत गेला. महाशीर हा अंडी घालण्यासाठी पुराच्या पाण्यात वर चढणारा, गोट्यांच्या स्वच्छ तळाशी विणारा मासा आहे. त्याची वाट अडली की त्याची पैदासच अडते.

टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला, वळवण तलावाच्या काठी, १९७० च्या सुमारास या माशाच्या कृत्रिम प्रजननाला हात घातला. महाराष्ट्राचे माजी मत्स्य संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत एस. एन. ओगले यांनी तिथे जे काम उभे केले, त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तोवर महाशीरची पैदास माणसाच्या हाताने होऊ शकते यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पावसाळ्यात पिकलेली मादी पकडायची, तिचे पोट हलक्या हाताने मागच्या दिशेला दाबत न्यायचे, लिंबाच्या सालीच्या रंगाची अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे रेत सोडायचे, पिसाने ढवळायचे आणि मग पाणी घालायचे. अंडी चिकट नसतात, तळाशी सुटी पडून राहतात. तीनेक दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि नंतरचा आठवडाभर ती ट्रेच्या कोपऱ्यात डोके खुपसून एकमेकांवर ढिगाने पडून राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मेलीच असे वाटते. पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी संपल्यावर मग ती हळूहळू वर उठतात. ओल्या कापसात गुंडाळलेली अंडी डब्यातून दूरवर पाठवता येतात, हेही याच मंडळींनी दाखवून दिले. त्यामुळे लोणावळ्याचे महाशीर पुढे देशातल्या अनेक राज्यांत पोहोचले.

कावेरीची गोष्ट इथूनच सुरू होते. कावेरीत स्वतःचा एक महाशीर होता आणि थोडा अजून आहे. पाठीवर मोठे कुबड असलेला आणि नारिंगी छटेच्या परांचा हा मासा जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक समजला जातो. कबिनी नदीत १९४६ साली गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. कावेरीत महाशीर कमी होत आहेत हे लक्षात आल्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे बीज सोडले गेले, पण ते लोणावळ्याहून आलेल्या निळ्या परांच्या महाशीरचे. हेतू अगदी चांगला होता. महाशीर तो महाशीर, असा तेव्हाचा समज होता.

त्यानंतर जे घडले त्याची नोंद गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे उरली. कर्नाटकातल्या मासेमारी-शिबिरांत मासा पकडून पुन्हा सोडून देण्याची पद्धत होती आणि प्रत्येक माशाची जात व वजन लिहून ठेवले जाई. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, तेव्हा दिसले की गळाला लागणाऱ्या महाशीरांची एकूण संख्या वाढत गेली होती. नुसता हा आकडा पाहिला असता तर कुणीही पाठ थोपटली असती. पण वाढ सगळी निळ्या परांच्या माशाची होती. कुबडवाला महाशीर दरवर्षी कमी होत होता, आणि जो मिळत होता तो अधिकाधिक मोठा होता, म्हणजे नवी पिढी येणे थांबले होते आणि म्हातारे तेवढे शिल्लक होते. संरक्षित क्षेत्रात गळ टाकण्यावर २०१२ मध्ये बंदी आली आणि नोंदीही तिथेच थांबल्या.

या माशाची खरी शास्त्रीय ओळखही फार उशिरा निश्चित झाली. केरळातल्या पांबार नदीतून, जी कावेरीच्याच खोऱ्यात येते, वर्णन झालेल्या ‘टॉर रेमादेवी’ या जातीचाच हा मासा आहे, हे २०१८ मध्ये डीएनए आणि शरीररचना यांच्या आधारे दाखवण्यात आले. त्यानंतर धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. निळ्या परांचा महाशीर, जो पूर्वी ‘संकटग्रस्त’ होता, तो मात्र नव्या मूल्यमापनात ‘कमी चिंता’ या वर्गात गेला. दोन्ही बातम्या जवळपास एकाच सुमाराच्या. पहिलीची चर्चा मोजक्या लोकांत झाली, दुसरीचा गाजावाजा झाला.

कुणी म्हणेल की हा जात ओळखण्यातला घोटाळा झाला, यात जनुकीय विविधतेचा, म्हणजे एकाच जातीच्या माशांत असलेल्या जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांचा, काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन पातळ्यांवर आहे. कोणत्या नदीचे रक्त कोणत्या नदीत सोडले, ही वरची पातळी. ती कावेरीत चुकली. खालची पातळी त्याहून शांतपणे चुकते, कारण तिथे मासा दिसायला अगदी बरोबर असतो.

हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रात, पावसाळ्याच्या तोंडावर काय होते ते पाहावे. नर लवकर पिकतात आणि भरपूर मिळतात. माद्या मिळणे कठीण असते, आणि मिळाल्या तरी नेमक्या त्याच दिवशी अंडी सुटतील अशा अगदी थोड्या. समजा दोन माद्या आणि वीस नर वापरले. बावीस मासे वापरले असे वहीत लिहिता येते. पण प्रत्येक पोराचा निम्मा वाटा आईकडून येतो, आणि आया फक्त दोन. लोकसंख्या-जनुकशास्त्रातले साधे सूत्र असे आहे: नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराला चाराने गुणायचे आणि एकूण संख्येने भागायचे. उत्तर येते सुमारे सव्वासात. म्हणजे विविधतेच्या हिशेबाने बावीस माशांची ही टोळी सात माशांइतकीच आहे. एका पिढीत सुमारे ७ टक्के विविधता जाते, आणि अशाच पाच पिढ्या गेल्या तर सुमारे ३० टक्के. तेच बावीस मासे अकरा माद्या आणि अकरा नर असे असते, तर पाच पिढ्यांत ११ टक्क्यांच्या आसपास गेली असती. आणि या हिशेबात आपण असे धरले आहे की सगळ्या माद्यांची पोरे सारख्या प्रमाणात जगली. प्रत्यक्षात मोठी मादी हजारो अंडी देते, एका ट्रेला बुरशी लागते, दुसरी उत्तम निघते, आणि सोडलेल्या पिशव्यांतली बहुतेक बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, एकाच घरातली भावंडे असतात.

विविधता टक्क्यांत मोजणे हेही अर्धेच चित्र आहे. एखादे जनुकरूप नदीतल्या माशांत शंभरात पाच या प्रमाणात आहे असे समजा. दहा मासे पकडून आणले, तर ते रूप एकाही माशात नसण्याची शक्यता ३६ टक्के आहे. तीस मासे आणले, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. अशी विरळ रूपे आज कामाची दिसत नाहीत. पाणी तापले, नवा परजीवी आला, प्राणवायू घटला, तर त्यांतलेच एखादे उपयोगी ठरू शकते. एकदा गेलेले रूप परत आणायचे म्हणजे ते जिथे शिल्लक आहे अशी दुसरी नदी शोधावी लागते, आणि धरणांनी तुकडे केलेल्या खोऱ्यांत अशी नदी सापडेलच असे नाही. भीमेच्या खोऱ्याचे घ्या. खडकवासल्यापासून १९८० च्या उजनीपर्यंत इतक्या भिंती उभ्या आहेत की वरच्या पाण्यातले मासे आणि खालच्या पाण्यातले मासे आता एकमेकांचे नातेवाईक उरलेले नाहीत, निदान नव्याने होत तरी नाहीत.

नदीत मूळचे थोडे मासे शिल्लक असताना हॅचरीचे बीज सोडणे तर आणखी नाजूक काम आहे. रायमन आणि लाइकरे या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे गणित मांडले. समजा नदीतल्या माशांची प्रभावी संख्या, म्हणजे विविधतेच्या हिशेबातली संख्या, २०० आहे आणि हॅचरीत पैदाशीसाठी वापरलेल्या माशांची ८. पुढच्या पिढीत निम्मे मासे हॅचरीचे झाले, तर एकूण प्रभावी संख्या २०८ होत नाही, ती सुमारे ३१ वर येते. डोळ्यांना मासे वाढलेले दिसतात आणि वंशाचा पाया सहापटीहून अधिक अरुंद झालेला असतो. विद्यार्थ्यांना हे उत्तर पहिल्यांदा पटत नाही आणि ते पुन्हा आकडेमोड करतात. उत्तर तेच येते, कारण थोड्या आईबापांच्या पोरांनी निम्मी नदी भरली की उरलेल्या दोनशेंचा आवाज निम्म्यावर येतो. हॅचरीतली प्रभावी संख्या ८ ऐवजी ५० असेल, तर हेच उत्तर १६० येते. म्हणजे दोष हॅचरीचा नाही, जोड्या कमी लावण्याचा आहे.

हॅचरीचा म्हणून एक दोष मात्र खरोखर आहे. टाक्यांत, दिलेल्या खाद्यावर, शिकारी नसलेल्या पाण्यात जे पिल्लू सर्वांत चांगले वाढते, ते नदीत चांगले जगेलच असे नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हूड नदीवर स्टीलहेड ट्राउटचा अभ्यास झाला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बंदिस्त वातावरणातल्या प्रत्येक पिढीगणिक माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत असल्याचे त्यात दिसले. ट्राउट आणि महाशीर एकमेकांपासून फार दूरचे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इकडे लावू नये. पण टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले प्रजनक मासे पुन्हा पुन्हा वापरणे सोयीचे असले तरी नदीसाठी घातक आहे, एवढा धडा घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे प्रत्येक पावसाळ्यात नदीतून नवे प्रजनक आणणे खर्चिक वाटते. तलावात हाताशी मासे असतात आणि तेच वापरले जातात.

महाशीरच्या बाबतीत जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक कटकट आहे. रोहू-कटल्याच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात, तर महाशीरच्या पेशीत १००. फार पूर्वी कधीतरी यांच्या पूर्वजांत सगळा संचच दुप्पट झाला असावा. त्यामुळे एकाच जनुकाच्या दोन जुळ्या जागा असतात आणि प्रयोगशाळेत दोन्हींचे ठसे एकमेकांत मिसळून दिसू शकतात. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की ‘डीएनए चाचणी केली, सगळे ठीक आहे’ या वाक्यावर महाशीरच्या बाबतीत लगेच विसंबू नये. कोणत्या खुणा वापरल्या, किती माशांवर वापरल्या, हे विचारावे.

विविधता हवी म्हणून सगळ्या नद्यांचे मासे एकत्र करावेत, असा अर्थही कुणी काढू नये, आणि ‘प्रत्येक ओढ्याचा मासा त्याच ओढ्यात’ असा हट्टही धरू नये. हे दोन्ही टोकाचे आग्रह मी शिबिरांत ऐकले आहेत. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी पर्च नावाच्या संकटग्रस्त माशाचे छोटे-छोटे तुटलेले समूह शिल्लक होते आणि त्यांच्यातली विविधता आटत चालली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय अभ्यास करून, ओव्हन्स नदीत हा मासा पुन्हा वसवताना वेगवेगळ्या ठिकाणचे मासे मुद्दाम एकत्र आणले, जेणेकरून त्यांची मिश्र संतती तयार व्हावी. तिथे मिसळणे हाच उपाय होता, कारण ती एकच जात होती आणि तिचे तुकडे अलीकडच्या काळात माणसाने केले होते. कावेरीत मिसळलेल्या दोन जाती लाखो वर्षे आपापल्या नद्यांत वेगळ्या वाढलेल्या. एक निर्णय अभ्यासानंतर झाला आणि दुसरा अभ्यासाआधी, एवढाच काय तो फरक, पण तोच सगळा फरक आहे.

महाराष्ट्रात हा विचार कुठे उपयोगी पडेल, तर आपल्या देवाच्या डोहांपाशी. महाडजवळच्या वाळणकोंडीत, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात, लोक महाशीरला चुरमुरे आणि पीठ घालतात आणि त्यांना कुणी मारत नाही. अशा डोहांनी शेकडो वर्षे जे राखले, ते कोणत्याही हॅचरीत नाही. म्हणूनच तिथे बाहेरचे बीज आणून सोडण्याचा उत्साह कुणी दाखवला, तर मी त्याला पहिला विरोध करीन, मग बीज कितीही धष्टपुष्ट असो. पण डोह म्हणजे तिजोरी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. काही डझन मासे एका कोंडीत अडकून पडले, वर-खालची ये-जा बंद झाली, तर देवाच्या कृपेने एकही मासा मारला गेला नाही तरी विविधता पिढीगणिक कमीच होत जाणार. उन्हाळ्यात कारखान्याचे पाणी आले किंवा डोह आटला, तर एका रात्रीत सगळेच जाईल. अशा डोहातल्या माशांच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये जपून ठेवणे, हे काम फारसे खर्चाचे नाही. पर पुन्हा वाढतो आणि मासा डोहात परत जातो. हे काम पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना विश्वासात घेऊनच करता येईल, आणि माझ्या अनुभवात गावकरी यात शहरी संस्थांपेक्षा लवकर राजी होतात. आपला मासा आणि बाहेरचा मासा हा भेद त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

हॅचरीतल्या सुधारणाही फार मोठ्या नाहीत. प्रत्येक मादीची अंडी तीन-चार वाटण्यांत विभागून प्रत्येक वाटणीला वेगळ्या नराचे रेत द्यावे. सगळ्या नरांचे रेत एकाच भांड्यात मिसळू नये, कारण अशा मिश्रणात एखाद्याच नराचे रेत बाकीच्यांवर मात करते आणि वहीत पाच बाप लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात एकच निघतो. प्रत्येक कुटुंबातून सारख्या संख्येने बोटुकली सोडावीत. जास्त जगलेल्या कुटुंबातली जादा पोरे नदीत न जाता मत्स्यशेतीच्या तळ्यात गेली तरी चालेल. एवढे केले तर तेवढ्याच आईबापांतून प्रभावी संख्या जवळपास दुप्पट होऊ शकते, हे लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या हिशेबावरून दिसते. प्रजनकांच्या पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवावी, म्हणजे गेल्या वर्षीची मादी यंदा पुन्हा वापरली जात नाही ना, हे कळेल. आणि कृष्णेच्या उपनद्यांचे, गोदावरीच्या उपनद्यांचे, कोकणात उतरणाऱ्या नद्यांचे प्रजनक वेगवेगळ्या टाक्यांत ठेवावेत. याला जागा लागते, हे मान्य. जागा नसेल तर एकाच खोऱ्याचे काम नीट करावे.

कुबडवाल्या महाशीरच्या बाबतीत यातली प्रत्येक गोष्ट दहापट अवघड होणार आहे. तो आता कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीसारख्या मोजक्या पट्ट्यांत उरला आहे. कधीतरी त्याची बंदिस्त पैदास करायची ठरली, तर प्रजनक म्हणून पकडता येणारे मासे बोटांवर मोजण्याइतकेच असतील आणि ते पकडल्याने नदीतली संख्या आणखी घटेल. ते बीज जिथे सोडायचे, तिथे निळ्या परांचे मासे आधीच ठाण मांडून बसलेले आहेत. त्यांना तिथून काढणार कोण आणि कसे?

आपल्या मुळा-मुठेत मात्र निवड अजून हातात आहे. साइक्स यांना जिथे हा मासा मिळाला, त्या पट्ट्यातल्या पाण्याची आजची अवस्था पुणेकरांना सांगायला नको. पण शुद्धीकरणाच्या योजना चालू आहेत आणि पाणी सुधारले की तिथे महाशीर सोडण्याची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येणारच. त्या वेळी लोणावळ्याच्या तलावातले तयार बीज सर्वांत जवळचे आणि सर्वांत स्वस्त असेल. लोणावळ्यात एके काळी वेगवेगळ्या महाशीर जातींच्या संकरांचे प्रयोगही झाले होते, म्हणून ते बीज घेण्याआधी त्याची वंशतपासणी व्हावी. भीमेच्या वरच्या उपनद्यांत जे मासे अजून आपापले टिकून आहेत, त्यांचे नमुने आधी घ्यावेत आणि या दोहोंची तुलना करून मगच काय सोडायचे ते ठरवावे. नमुने घ्यायचे काम पाणी सुधारण्याची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही, ते या पावसाळ्यानंतर पाणी उतरले की सुरू करता येते.